सासऱ्याला समजवा

कांद्याच्या माना पडल्या आणि टोळी आली नाही.

मान पडली की कांदा थांबत नाही. पात पिवळी होऊन एका अंगाला लोळते, आणि वेळेत उपटला नाही तर जमिनीत बसल्या बसल्या त्याची साल सुटायला लागते. हे मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला माहीत नव्हतं असं नाही. पण यंदा नव्या रस्त्याचं काम निघालं होतं. तिथे सावलीला तंबू होता, दुपारचं जेवण होतं, आणि कंबरेत वाकून दिवस काढायचा नव्हता. "बघतो काका, उद्या बघतो," असं मुकादम फोनवर म्हणाला तेव्हाच म्हातारा काय ते समजला. 'बघतो' म्हणणारा माणूस कधीच काही बघत नाही, एवढी अक्कल त्याला या वयात आली होती.

घरात माणसं दोन, म्हातारा आणि त्याची सून. मुलगा परदेशात एका मोठ्या गोदामात होता, माल उचलायची गाडी चालवायचा. लग्नानंतर वर्षभरात गेला तो तिकडेच होता. म्हाताऱ्याची बायको दोन वर्षांपूर्वीच्या काढणीत गेली, पोटाच्या दुखण्याने. तेव्हापासून त्या घरात भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं, इतकी शांतता असे.

तर त्या दोघांनीच कांद्याला हात घातला. सून पुढे उपटत जायची आणि ओळी पातीसकट वाफ्यात आडव्या टाकायची. आधीच्या सुकलेल्या ओळींची पात म्हातारा बसून विळ्याने कापायचा. बसूनच, कारण त्याच्या जांघेत हर्नियाची गाठ होती. डॉक्टरने ती बोटाने दाबून दाखवली होती आणि सांगितलं होतं, पट्टा बांधायचा, ओझ्याला हात लावायचा नाही. पट्टा उन्हात काचायचा, घामाने चावायचा. म्हातारा तो दुपारी सोडून झाडाला अडकवून ठेवायचा, आणि सून तिकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

हात चालायचे तसं तोंडही चालायचं, पण ते इंग्रजीत. मुलाकडे जायचं तर तिकडच्या सरकारचा नियम होता, बायकोला त्यांची भाषा बोलता यायला हवी. बाजारच्या गावी साहेबासमोर बसून बोलायची परीक्षा होती. त्यासाठी सून आठवड्यातून दोनदा क्लासला जायची आणि उरलेले दिवस वाफ्यात घोकायची. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून ऐकून प्रश्न विचारायचे तेवढे पाठ झाले होते.

"कॅन म्हणजे?" तो विचारायचा.

"येतं, जमतं. आय कॅन कट ओनियन."

"मे?"

"करू का, अशी परवानगी."

"शुड?"

"करायला हवं. सल्ला देताना."

"आणि मस्ट?"

"करायचंच. दुसरा इलाज नाही."

"हा बरा," म्हातारा विळा पुसत म्हणाला. "हा आपल्या घरातला वाटतो."

सून खाली मान घालून हसली. म्हाताऱ्याला हे शब्द आता माणसांसारखे ओळखीचे झाले होते. मे म्हणजे दारात चपला काढून उभा राहणारा भिडस्त पाहुणा आणि मस्ट म्हणजे मुकादम. एक जोडशब्द मात्र त्याला पटला नव्हता. शुड हॅव. करायला हवं होतं पण केलं नाही, असं सुनेने सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "जे केलंच नाही ते बोलून काय उपयोग? त्या लोकांना कामं नाहीत वाटतं."

परीक्षेच्या दिवशी सून पहाटेच्या गाडीने गेली. म्हातारा एकटाच वाफ्यात बसला. ऊन वर आलं, माठातलं पाणी संपलं, आणि पुन्हा भरायला कोणी नव्हतं. विळा चालवता चालवता त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "मे म्हणजे?" उत्तर आलं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

ऐकलं होतं. बांधावर शेजारच्या शेताचा मालक उभा होता. गावात त्याला रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं.

"सून गेली का परीक्षेला?" रेडिओ म्हणाला. "पास झाली की तुझी चंगळ आहे बुवा. सकाळी उठ, स्वतःच चहा कर, स्वतःच पी आणि स्वतःच म्हण, वा, काय झालाय!"

"तुला बोलावीन प्यायला."

"नको रे बाबा. तुझ्या हातचा चहा पिऊन मी एकदा आजारी पडलोय."

रेडिओ हसत गेला. म्हातारा हसला नाही. सगळा दिवस तो एकाच ओळीत बसून राहिला आणि त्याच्याकडून नेहमीच्या निम्मं काम झालं.

सून दिवस कलताना आली. इस्त्रीचे कपडे बदलून, डोक्याला फडकं गुंडाळून सरळ वाफ्यात आली आणि उपटायला लागली.

"झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"जमलं नाही मामा." सासऱ्याला ती मामा म्हणायची, सासू होती तोवर तिला आई.

"अरेरे," म्हातारा म्हणाला. तोंडाने अरेरे म्हणाला खरा, पण छातीत मात्र थंडीत घेतलेल्या चहाच्या पहिल्या घोटासारखं काहीतरी ऊबदार पसरत गेलं. सून जाणार नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी ऊब काही गेली नाही.

पुढच्या आठवड्यात तो गोण्या आणायला बाजारच्या गावी गेला. गोण्यांचा गठ्ठा गाडीवर चढवून घेत असताना सायकलच्या दुकानावरच्या माडीतून एका बाईने हाक मारली. क्लासच्या बाई त्याच; पहिल्या दिवशी तो सुनेला सोडायला आला तेव्हा त्यांनी त्याला पाहिलं होतं. हाताला खडू लागलेला, घसा बसलेला.

"तुम्हीच ना ते सासरे?" बाई म्हणाल्या. "वर या जरा."

वर बाकं होती आणि फळ्यावर अर्धवट पुसलेलं काहीतरी होतं. म्हातारा दारातच उभा राहिला, चपलांना माती होती म्हणून.

"तुमची सून माझ्या वर्गात सगळ्यांत हुशार," बाई म्हणाल्या. "नापास झाली हे मला खरंच वाटेना. म्हणून मी साहेबांना गाठून विचारलं. तिने काय केलं, माहीत आहे?"

"नाही बोलली काही."

"परीक्षेत शेवटी एक सोंग असतं. साहेब विचारतात, घरी कोण असतं? ही म्हणाली, सासरे. साहेब म्हणाले, बरं, मग मी तुमचा सासरा. माझी तब्येत बरी नाही, डॉक्टरने ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय, आणि मी ऐकत नाही. मला समजवा. तर हिने काय करावं? ताडकन उठून उभी राहिली."

"उभी?"

"तुमच्यासमोर ती खुर्चीवर बसते का कधी?"

म्हाताऱ्याने आठवून पाहिलं. वाफ्यात बसायची, तिथे सगळेच मातीत. घरात तो आला की ती उठायची. यात काही विशेष आहे असं त्याला आजवर वाटलंच नव्हतं.

"साहेबांना वाटलं, ही निघाली. ते म्हणाले, बसा. ही बसेना. मग बिचाऱ्यांनी तिला बोलतं करायला टेबल उचलायचं सोंग केलं. आय अॅम लिफ्टिंग, आय अॅम लिफ्टिंग, म्हणत टेबलाला लोंबले. ही मान खाली घालून गप्प उभी." बाईंना हसू येत होतं आणि रागही. "मस्ट येतं तिला, शुड येतं, सगळं येतं. पण ते वापरायचं कोणावर? तुमच्यावर. आणि तुम्हाला ती तोंड वर करून काही सांगेल तर शपथ."

"मग दुसरा कोणीतरी सांगायचा ना. भाऊ म्हणावं."

"घरी दुसरं आहे कोण? खोटं बोलायला ती तयार नाही. काढणीनंतर परीक्षा परत आहे. तिच्याकडून बोलून घ्या. हे मला शिकवता येणार नाही, तुम्हालाच येईल."

परतताना गाडीत गोण्यांवर बसून म्हातारा विचार करत राहिला. तीन वर्षं सून या घरात होती. त्या तीन वर्षांत 'हे करा' असं ती त्याला एकदाही म्हणाली नव्हती. ती हवेशी बोलायची. 'पाणी तापलंय,' म्हणजे आंघोळीला जा. 'औषध फळीवर आहे वाटतं,' म्हणजे घ्या. 'बाहेर गारवा आहे,' म्हणजे कान बांधा. त्यानेही तिला कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. आणि बायकोला? बायकोला तर तेही नाही. नुसतं खाकरायचा तो, आणि तिला कळायचं.

घरी सून दारातच होती.

"बाजारात क्लास उघडा असेल," ती हवेला म्हणाली.

"असेल," म्हातारा म्हणाला. "मी लक्ष दिलं नाही."

एवढं बोलून त्याने गोण्या उतरवून घेतल्या. त्याने काही केलं नव्हतं. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती राहिली की सून राहणार. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

पण खोकला गेला नाही. रोज संध्याकाळी सून पाण्याच्या टाकीपाशी जायची, फोनला तिथेच नीट ऐकू यायचं. म्हातारा ओट्यावर बसलेला असायचा. त्याला तिचं बोलणं तुटक तुटक ऐकू यायचं. "हो. हो. जेवले. तुम्ही? नाही, बरे आहेत. नाही, परत बसेन परीक्षेला. नाही हो, रडत नाही." फोन संपला तरी ती लगेच उठायची नाही. फोन दोन्ही हातांत धरून, टाकीला पाठ लावून, अंधार पडेपर्यंत तशीच बसायची. म्हातारा ते बघायचा आणि उठून आत जायचा. एकटं बसलेलं माणूस त्याला ओळखू येत होतं. तो स्वतः रोज तसाच बसत होता.

कापलेला कांदा वाफ्यात ढिगाने पडला होता, साठवणीच्या चाळीत न्यायचा होता, आणि एका दुपारी आभाळ अचानक काळं झालं. वारा पडला. झाडाचं पान हलेना. भिजलेला कांदा चाळीत घातला तर एकाला एक लागून सगळा सडतो. सून पाट्या भरून डोक्यावर घेऊन पळत सुटली. म्हाताऱ्याने ताडपत्री ओढली, ती निम्म्या ढिगालाही पुरेना. मग त्याने एक पाटी भरली आणि उचलली.

सून चाळीकडून येत होती. ती वाटेत थांबली.

"मामा, पाटी जड आहे," ती हवेला म्हणाली.

"मला कळतंय ते."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरचा कांदा भिजत नाहीये."

त्याने दुसरी पाटी नेली, तिसरी नेली. पट्टा झाडालाच अडकवलेला होता. सून आपली पाटी सोडून त्याच्या मागे मागे यायला लागली, दोन्ही हात पुढे धरून, चालायला शिकणाऱ्या मुलाच्या मागे आई चालते तशी. तोंड उघडं, पण शब्द नाही. चौथ्या पाटीला जांघेत कळ आली आणि म्हातारा बांधावरच बसला. पाटी सांडली. कांदे घरंगळत पाण्याच्या चारीत गेले. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाळावर गार घाम फुटला.

सुनेने त्याला तिथेच आडवं केलं, पायांखाली गोण्या घातल्या. बराच वेळ तो दात आवळून पडून राहिला. हळूहळू गाठ आत गेली, श्वास सुटला. वर आभाळ नुसतंच गडगडलं आणि पुढे सरकलं. एक थेंब पडला नाही. चारीत सांडलेल्या कांद्यांवर पुन्हा ऊन पडलं.

"ओरडली का नाहीस माझ्यावर?" म्हाताऱ्याने पडल्या पडल्या विचारलं.

"कशी ओरडू मामा?"

"मेलो असतो म्हणजे?"

 ती फडक्याने त्याच्या कपाळावरची तीच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. म्हाताऱ्याने तिचा हात पाहिला. त्याच्या मनात आलं, ही पोर इथे राहिली तर मी मरताना हिच्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि मी मेल्यावर हिच्याशी बोलायला कोणी नसेल. असं हिला ठेवून घेऊन मी काय मिळवणार?

"बाई भेटल्या होत्या," तो म्हणाला. "तू उभी राहिलीस ते सांगितलं त्यांनी."

सुनेचा हात थांबला. "कधी भेटल्या?"

"गोण्या आणल्या तेव्हा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढे दिवस त्याने का सांगितलं नाही हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं. दोघांनी मान दुसरीकडे केली.

"उद्यापासून," म्हातारा म्हणाला, "तू मला हुकूम सोडायचे."

"मामा, भलतंच काय!"

"इंग्रजीत सोड. मला इंग्रजी कळत नाही. कळत नाही ते लागत नाही. गाढवापुढे वाचली गीता समज."

दुसऱ्या दिवशी ते चाळीत कांदा निवडायला बसले. बारीक वेगळा, जोड वेगळा, डाग पडलेला वेगळा. म्हाताऱ्याने दोन क्रेट उपडे टाकले. एकावर स्वतः बसला, दुसरा तिच्यापुढे सरकवला.

"बस."

"मी उभीच बरी आहे."

"उभी राहिलीस तर नापास."

ती क्रेटच्या काठावर टेकली, तापल्या तव्यावर बसल्यासारखी. म्हाताऱ्याने एक गोणी ओढली आणि उचलायचं सोंग केलं. सून पुटपुटली, "यू... शुड... प्लीज..."

"मांजर बोलतंय का कोणी?"

"यू मस्ट नॉट लिफ्ट."

"म्हणजे?"

"उचलायचं नाही, म्हटलं."

"का नाही? मी उचलणार. माझी गोणी, माझी कंबर."

 सुनेने कारण शोधलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, एकदा म्हटलं की झालं.

"अगं, एवढ्याने ऐकणारा सासरा असता तर परीक्षा कशाला ठेवली असती? मी ऐकणार नाही. तू पुढे बोल."

हट्ट धरायला म्हाताऱ्याला सोंग करावं लागत नव्हतं. उभा जन्म त्याने तोच धंदा केला होता. तो मराठीत वाद घालायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तो म्हणायचा, डॉक्टरला काय कळतं. ती म्हणायची, डॉक्टर कॅन सी, यू कॅन नॉट. तो म्हणायचा, मी बांधणारच नाही पट्टा, काय करशील? पहिले दोन दिवस तिला काही सुचायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती क्रेटवर नीट बसली. नंतर एकदा तिने बोट उगारलं, आपलं उगारलेलं बोट पाहिलं आणि घाबरून खाली घेतलं. "राहू दे, राहू दे ते बोट," म्हातारा म्हणाला. "छान दिसतंय."

चाळीला भिंती नसतात, नुसत्या लाकडी पट्ट्या. रेडिओला सगळं ऐकू आलं आणि त्याने ते प्रसारित केलं. सून सासऱ्याला झापते, तेही इंग्रजीत, आणि सासरा मुंडी हलवतो. म्हातारा न्हाव्याकडे दाढीला बसला तेव्हा न्हाव्याने साबण लावून झाल्यावर विचारलं, "काका, हल्ली घरात चालतं कोणाचं?" बाकावर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, ताटाखालचं मांजर आहे ते. सगळे हसले. वस्तरा गळ्यावर होता, म्हाताऱ्याला मानही हलवता येईना. आरशात त्याला आपला साबणाचा चेहरा आणि त्यात लाल झालेले दोन कान दिसले. एकेकाळी याच माणसांना त्याच्या नुसत्या खाकरण्याचा धाक होता. घरी आल्यावर त्याने क्रेट उपडा टाकला आणि म्हणाला, "हं, चल. मी गोणी उचलतोय."

त्या दिवशी सुनेला काय झालं कोण जाणे. नेहमीसारखी ती म्हणाली, डॉक्टरचं ऐका. म्हातारा नेहमीसारखा म्हणाला, "आधी काढणी होऊ दे, मग बघू डॉक्टर." सोंगातलंच वाक्य. पण ते ऐकून सुनेच्या हातातला कांदा खाली पडला. ती बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने, मग थांबवता येईना असं. बोट उगारलेलं, डोळ्यांतून पाणी. कांद्याचं म्हणावं तर निवडताना डोळ्यांत पाणी येत नाही. धड्यातली वाक्यं एवढी लांब नसतात. म्हातारा गोणी धरून तसाच ओणवा उभा राहिला. त्याला काहीच कळत नव्हतं. मग त्यात 'आई' हा शब्द आला. मग 'हॉस्पिटल' आला. आणि मग स्पष्ट, एकेक शब्द तोडून: यू शुड हॅव.

ते त्याला कळलं.

ती थांबली. चाळीत वाऱ्याने सालपटं उडत होती.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"काही नाही. धडाच होता."

ती रात्र म्हाताऱ्याने आढ्याकडे बघत काढली. दोन वर्षांपूर्वी बायको पोट धरून भिंतीला टेकून बसली होती, सून पिशवी भरून दारात उभी होती, आणि बाहेर टोळी वाफ्यात उतरली होती. सून तेव्हाही हवेशीच बोलली होती. 'सकाळची गाडी रिकामी असते म्हणे.' त्याने ऐकलं होतं. त्याला कळलंही होतं. तो म्हणाला होता, काढणी होऊ दे, मग नेऊ.

सकाळी सून चुलीपाशी होती. म्हातारा आत आला, तशी ती उठली.

"तू काल म्हणालीस ते बरोबर आहे," तो म्हणाला. "न्यायला हवं होतं."

 "मामा, तुम्हाला कळलं?"

"तेवढंच कळलं."

तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. म्हाताऱ्याला वाटलं, आता माफी मागेल. पण ती त्याच्या डोळ्यांत बघत, साध्या मराठीत म्हणाली, "मग का नाही नेलंत?"

असं सरळ त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मुलानेही नाही. तो फोनवर नुसता रडला होता. म्हाताऱ्याने उत्तर शोधलं. ते फार लांब नव्हतं.

"कांदा काढायचा होता," तो म्हणाला.

आणि एवढ्या काळात पहिल्यांदा त्याला रडू आलं. उंबऱ्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला. सुनेने त्याला गप्प केलं नाही. चहा उतू गेला तरी ती जागची हलली नाही.

त्यानंतर सोंग सोंग राहिलं नाही. ती दुपारी झाडावरचा पट्टा काढून आणून त्याच्यापुढे धरायची. रेडिओ बांधावर असला तरी धरायची. म्हातारा कुरकुर करत बांधायचा. रेडिओने काहीतरी टोमणा मारला, तर म्हातारा म्हणाला, "तुला सांगणारं कोणी आहे का घरात?" रेडिओ प्रथमच गप्प झाला.

परीक्षेला या वेळी म्हातारा बरोबर गेला. लांबलचक बोळ होता, एका बाजूला बाकं, दुसऱ्या बाजूला बंद दारं. सुनेचं नाव पुकारलं, ती आत गेली. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून बसला. शेजारी एक जाडजूड गृहस्थ आपल्या मुलीला शेवटचं घोकून घेत होते. आतून बराच वेळ काहीच ऐकू येईना. म्हाताऱ्याला वाटलं, उभी राहिली. झालं. आणि त्याला खरोखरच कळेना की आपल्याला काय हवं आहे.

मग आवाज आला. दाराआडून, आधी दबका, मग चढत गेलेला. मस्ट नॉट. शुड. डॉक्टर. मस्ट नॉट, मस्ट नॉट. मधे साहेबाचा जाड आवाज काहीतरी अडून बसल्यासारखा बोलायचा, की तिचा त्याच्या वर चढायचा. बोळातली माणसं घोकायची थांबली. कोणीतरी हसलं.

"बाप रे!" शेजारचे गृहस्थ म्हणाले. "कोणावर ओरडतेय हो ती एवढी?"

"माझ्यावर," म्हातारा म्हणाला.

गृहस्थांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि थोडं अंग चोरून घेतलं. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. तो मान तिरकी करून ऐकत होता. ती त्याच्या गाठीबद्दल बोलत असणार, पट्ट्याबद्दल, त्याच्या हट्टाबद्दल. एवढ्या मायेने त्याला आयुष्यात कोणी रागावलं नव्हतं, आणि ज्या माणसासमोर ती रागावत होती तो परका होता. पास झाली हे त्याला कळलं होतं. आता थोड्या वेळात साहेब ऐकणार, हो म्हणणार, दार उघडणार, ती बाहेर येणार आणि जाणार. चाळीत क्रेट दोन असतील आणि बसणारा एक.

आत साहेबाचा आवाज जरा नरमला. म्हाताऱ्याने डोळे मिटले. इतक्यात ऐकू नकोस रे बाबा, तो मनात म्हणाला. सासरा आहेस ना? मग धर अजून थोडा हट्ट.